बोहारणीला द्यायचं की घरीच काही शिवायचं?

अबोली | ३ जानेवारी, दुपारी ३.१०

परवा दारात बोहारीण आली. झाकणाच्या एका स्टीलच्या पातेल्यासाठी तिने सात साड्या, दोन पँटी आणि वर एक चादर मागितली. घासाघीस चालू असताना तिने सासूबाईंची सुती नऊवारी उलगडली, उजेडासमोर धरली आणि "ही विरलीय, मोजायची नाही" म्हणून बाजूला टाकली. मी उचलली. पंचवीस-तीस वर्षं धुऊन इतकी मऊ झालीय की दुधावरची साय हातात घेतल्यासारखं वाटलं. मग बाकीचंही काही द्यावंसं वाटेना. पातेलं परत गेलं आणि बोचकं पलंगाखाली.

बोचक्यात आहे ते असं: तीन सुती नऊवारी (एक विरलेली, दोन धड), चार पाचवारी (दोन सुती, दोन सिंथेटिक), नवऱ्याचे कॉलर फाटलेले सात शर्ट, तीन जीन्स, मुलांच्या टीशर्टांचा ढीग. घरात आईची पायमशीन आहे. मला सरळ टीप घालता येते, पडद्यांना शिवण मारलीय, त्यापलीकडे काही नाही. नणंदेला मार्चमध्ये बाळ होणार आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आहे.

यातून काय काय होईल? आणि खरं सांगा, घरी शिवून पैसे वाचतात का?

धावदोरा | ३ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

अबोली, बोचकं दिलं नाहीस ते बरं केलंस. आधी ते सोड आणि सुती, मिश्र, सिंथेटिक असे तीन ढीग कर. हाताला कळलं नाही तर काठाचा एक दोरा उपसून चिमट्यात धरून पेटव. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. सिंथेटिक साडी गोधडीत घालू नकोस. घाम टिपत नाही, आणि आतल्या आत सरकत राहते.

गोधडीचं गणित सांगते. नऊवारी साडी साधारण ८.२ मीटर असते, पन्हा ४५ इंच धरू. तिचे चार सारखे तुकडे केले की एकेक ८० इंचांचा होतो. दोन तुकडे लांबीला लांबी लावून जोडले की जवळपास ८८ बाय ८० इंचांचा एक थर. म्हणजे एका साडीतून वरचा आणि खालचा, दोन्ही थर निघाले. विरलेली साडी मध्ये घालायची, धड साड्या वर-खाली. एकूण चार थर पुरे. पाचव्या थरानंतर सुई हाताला त्रास देते.

फरशीवर खालचा थर पसर, सुरकुती काढ, कडांवर पाटा-वरवंटा काहीही जड ठेव. एकावर एक थर घालून झाले की मोठमोठे कच्चे टाके घालून सगळे एकत्र बांधून घे. याचा कंटाळा केलास तर शेवटी एक कोपरा हातभर बाहेर येईल. मग पक्का धावदोरा. जाड सुती दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, लांबी हातभरच, नाहीतर गुंता. दोन ओळींत बोटभर अंतर. अंगुस्तान घाल, मधल्या बोटाचं कातडं वाचेल.

शर्ट आणि जीन्सवर बाकीचे बोलतील. मला गोधडीपलीकडे फार रस नाही.

कडकलक्ष्मी | ३ जानेवारी, रात्री ९.०२

मला वेगळं वाटतं, आणि मनापासून वाटतं म्हणून लिहिते. बोहारणीचं पोट त्या कपड्यांवर आहे. ती दिवसभर डोक्यावर टोपली घेऊन जिने चढते, कपडे धुते, फाटलेलं शिवते आणि जुन्या बाजारात नेते. तिथे ते विकत घेणारी माणसं नवं घेऊ शकत नाहीत. आपण धड शर्टाची उशी केली, तर कोणाच्या तरी अंगावर गेला असता तो शर्ट उशीला गेला. काटकसर आपल्या घरापुरतीच का मोजायची?

धावदोरा | ३ जानेवारी, रात्री ९.३०

कडकलक्ष्मी, मान्य. अंगात घालण्याजोगं आहे ते तिला द्यावं, विरलेलं-फाटलेलं घरी ठेवावं. तिला नको असलेली साडीच गोधडीला सगळ्यात चांगली.

शिंप्याचा_मुलगा | ४ जानेवारी, सकाळी ७.२०

वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, काज-बटणं करत मोठा झालो. शर्टांचं सांगतो.

कॉलर फाटली म्हणजे शर्ट गेला असं नाही. कॉलर पट्टीपासून उसवा, उलटी करा, परत जोडा. घासलेली बाजू आत जाते आणि शर्ट आणखी दोन वर्षं चालतो. आमच्या दुकानात हे काम रोज यायचं. सात शर्टांतले चार तरी असेच वाचतील.

बाकीच्यांचे उशीचे अभ्रे करा. उशी १७ बाय २७ इंचांची असेल तर ४२-४४ छातीच्या शर्टात बसते. बटणं लावूनच ठेवा, शर्ट उलटा करा, पुढचा-मागचा भाग एकावर एक ठेवून १८ बाय २८ चा आयत कापा आणि चारी बाजूंनी टीप मारा. बटणं उघडून सुलटा केला की अभ्रा तयार. उशी घालायचं तोंड आयतं मिळतं, नवीन काज नाही की चेन नाही. बटणांची बाजू खाली ठेवायची, गालाला टोचत नाही. खिसा तसाच राहू द्या. माझा नातू त्यात टॉर्च ठेवतो.

जीन्सला मशीनची सुई बदला. साध्या कापडाला १४ नंबर, जाडाला १६, जीन्सला १८. चौदानेच शिवायला गेलात तर सुई मोडेल आणि तुकडा डोळ्याकडे उडतो, हे गमतीत घेऊ नका. जिथे शिवणीवर शिवण येते तिथे कापड आधी खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकून चपटं करा आणि मशीन पायाने न चालवता हाताने चाक फिरवून तेवढे टाके घाला.

मोगरा_मदनबाण | ४ जानेवारी, सकाळी १०.१५

बत्ता! तीन वर्षं मी त्या जाड शिवणीशी भांडत होते. आजच करते.

चिंधी_ते_चंची | ४ जानेवारी, दुपारी १२.४०

अबोली, संक्रांतीचं वाण तुझ्या बोचक्यातच आहे. सुती पाचवारी घे. लांबी साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच. लांबीवर १६-१६ इंचांचे तेरा भाग पडतात. पन्ह्यातले ३६ इंच पिशवीला, दुमडून १६ बाय १८ ची होते. उरलेल्या ९ इंचांच्या पट्टीतून साडेचार इंच रुंदीचे दोन बंद. म्हणजे साडी कुठेच वाया जात नाही. पण जुनी साडी एकेरी घेतली तर दोन किलो कांदे घातल्यावर तळातून उसवते. दुहेरी घे, सहा पिशव्या होतील. बंद जिथे जोडतो तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारायची. ओढ सगळी तिथेच येते.

२०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मी अशा पिशव्या शिवून अख्ख्या वाड्यात वाटल्या. काही अजून भाजीला जाताना दिसतात. २०२० मध्ये दुकानात इलॅस्टिक मिळेना, तेव्हा याच मशीनवर सुती साड्यांचे नाडीवाले मास्क केले.

बेळगावी_कुंदा | ४ जानेवारी, दुपारी २.०५

आमच्याकडं गोधडीला कौदी म्हणतात. आई कौदी शिवायला बसली की गल्लीतल्या चार बायका आपापली सुई घेऊन यायच्या, चार कडांना चौघी. एकीची झाली की दुसरीची.

नाचणीची_भाकर | ४ जानेवारी, दुपारी २.३०

आम्ही वाकळ म्हणतो. थंडीत आजी म्हणायची, वाकळंत शिर गुमान.

वऱ्हाडी_ठसका | ४ जानेवारी, दुपारी ३.१५

आणि आमच्या खेड्यावर तिचीच वाकय होते! अमरावती जिल्ह्यातली आहे मी. शेंडगाव आमच्याच जिल्ह्यात, गाडगेबाबांचं जन्मगाव. चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्र अंगावर घालून ते गावोगाव झाडू घेऊन फिरले, म्हणून लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. माझे आजोबा ठिगळ लावलेल्या कपड्याला कधी नाव ठेवू देत नसत. कपडा फाटका चालेल, मळका चालणार नाही, एवढंच म्हणत.

बेळगावी_कुंदा | ४ जानेवारी, दुपारी ४.००

थोडं विषयांतर. उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांची पद्धत अशी की कडेकडून सुरुवात करायची आणि ओळीमागून ओळ घालत मध्याकडे यायचं. रंगीत तुकडे शिवता शिवताच बसवत जायचे. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या घालतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. मी एक जवळून पाहिलीय. टाके इतके दाट की कापड बोटाखाली वळवळल्यासारखं लागतं.

धावदोरा | ४ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

हे फार छान सांगितलंस. मीही कडेने गोल गोल आत जाते, त्यामुळे थर मध्ये फुगत नाहीत. कोपऱ्याची फुलं करून बघणार.

आक्का_सूतिकागृह | ५ जानेवारी, सकाळी ८.३०

तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली, म्हणून हात जोडून एक सांगते. नणंदेच्या बाळासाठी जुन्या नऊवारीइतकं चांगलं कापड नाही. त्याची लंगोटं करा, झबली करा, चौपदरी दुपटी करा. पण गोधडी पहिल्या वर्षी झोपलेल्या बाळाच्या अंगावर घालू नका, पाळण्यातही कोंबू नका. जड पांघरूण तोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. मालिशीला, पालथं पडून खेळायला, फरशीवर अंथरायला ती खुशाल वापरा. कुंची हौसेने शिवा, पण झोपवताना बंद सोडून कुंची काढून ठेवा. बाळाच्या कपड्याला मणी, टिकल्या, सुटं होणारं बटण काही नको. पाठीमागे बांधायच्या नाड्यासुद्धा आखूड ठेवा.

झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूने ठेवतात ते उगाच नाही. तान्ह्या कातडीला आतली शिवण काचते. पहिल्या दोन महिन्यांत तसंच घाला, दिसायला उलटं दिसलं तरी.

राधाक्का | ५ जानेवारी, सकाळी ९.१०

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं नेसवतच नाहीत. घरातल्याच आधीच्या बाळाचं, धुतलेलं. आक्कांचं वाचून त्याचा अर्थ लागला.

हिमगौरी_टोरोंटो | ५ जानेवारी, सकाळी ११.२५

बाहेर उणे चौदा. आईने दिलेली गोधडी पायांवर घेऊन लिहितेय. विमानाच्या २३ किलोंतले तीन किलो तिला गेले होते, त्यासाठी चकलीचं पीठ मागे राहिलं. एक चूक सांगते. मी ती ड्रायरमध्ये टाकली. कापड टिकलं, दोरा जुना होता तो जागोजागी तुटला, आणि आतली साडी एका कोपऱ्यात बोळा होऊन बसली. आता टबमध्ये पायाने तुडवून धुते आणि आडवी वाळवते. साड्या जुन्या चालतील, दोरा मात्र नवा आणि दणकट घ्या.

सातारी_जर्दा | ५ जानेवारी, दुपारी १.००

माझी चूक याच्या उलट. वर जुन्या साड्या, खाली कोरा मांजरपाट घातला, न धुता. पहिल्याच धुण्यात मांजरपाट आटला आणि गोधडी भाजलेल्या पापडासारखी वर आली. चार महिन्यांचं काम. नवं कापड घालायचंच तर आधी रात्रभर भिजवा, वाळवा, मग कापा. गडद रंगाची साडी असेल तर ओला पांढरा फडका घासून रंग लागतो का बघा.

मोगरा_मदनबाण | ५ जानेवारी, दुपारी ४.५०

टीशर्टांची पायपुसणी करा की! आडव्या दोन इंची पट्ट्या कापा. ओढल्या की आपोआप गुंडाळी होते. तीन पट्ट्यांची वेणी घाला आणि ती चकलीसारखी गोल फिरवत सुईने जोडत जा.

कडकलक्ष्मी | ५ जानेवारी, संध्याकाळी ५.२०

केली होती. पावसाळ्यात चार-चार दिवस वाळेना, घरभर कुबट वास. आणि गुळगुळीत फरशीवर सासऱ्यांचा पाय घसरता घसरता वाचला. वयस्कर माणसं आहेत तिथे नको.

मोगरा_मदनबाण | ५ जानेवारी, संध्याकाळी ५.४५

खरंय. मी खाली रबराची जाळी घालते, ते लिहायचं राहिलं. आणि जाड वेणीपेक्षा पातळ बरी, लवकर वाळते.

नोकरीवाली_सून | ५ जानेवारी, रात्री १०.३०

मूळ प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. पैसे वाचतात का? मी सकाळी आठला बाहेर पडते, रात्री आठला घरी. एक गोधडी हाताने शिवायला तीन महिने लागतात. त्या वेळेची किंमत शून्य धरायची का? आमच्या आज्या शिवायच्या कारण विकतच्या रजईला पैसे नव्हते. दुपारभर डोळे फोडून शिवलेल्या गोधडीचं आज आपण कौतुक करतो, तेव्हा कुणी केलं नसेल.

धावदोरा | ६ जानेवारी, सकाळी ६.५०

नोकरीवाली, तुझं बोलणं मनाला लागलं. माझ्या आईच्या बोटांना कायम भोकं असायची. बाबा झोपले की चिमणीच्या उजेडात शिवायची. नाही, कौतुक कुणी केलं नाही. मी आता तिच्यासारखीच बोटभर अंतराची ओळ घालते, तेव्हा ते माझ्या परीने करते.

हिशोबाचं म्हणशील तर गोधडीत मजुरी धरली की काही वाचत नाही. अभ्रे, पिशव्या, लंगोटं, उलटी कॉलर यांत वाचतं, कारण ती कामं तासा-अर्ध्या तासाची आहेत. तुझ्यासारख्या वेळ नसलेल्या मुलीने साड्या जमवून शिवून देणाऱ्या बाईला द्याव्यात. तिला तिच्या कष्टाचे पैसे दे, घासाघीस करू नकोस.

नोकरीवाली_सून | ६ जानेवारी, सकाळी ७.१५

हे पटलं. आमच्या भागात अशी एक मावशी आहे, रविवारी जाते.

अबोली | २६ जानेवारी, दुपारी ४.२०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण खरंच शिवत होते.

दोन शर्ट कॉलर सोडून धड होते ते, दोन्ही सिंथेटिक साड्या आणि एक जीन्स बोहारणीला दिली. पातेलं मिळालं नाही, चहाची दोन गाळणी मिळाली. उरलेल्या पाच शर्टांतले तीन कॉलर उलटून परत वापरात आले. पहिली कॉलर मी उलटी न करता तशीच परत जोडली होती. नवऱ्याने घालून दाखवली तेव्हा कळलं, रात्री पुन्हा उसवली. दोन अभ्रे झाले. एका सुती पाचवारीच्या सहा पिशव्या वाणाला गेल्या, आणि हळदीकुंकवाला आलेल्या एकीने तिथेच विचारलं, "माझ्या साड्या आणून देऊ का?" दोरा, सुया, मेण, अंगुस्तान मिळून दोनशे दहा रुपये गेले. मागच्या वर्षी प्लॅस्टिकच्या डब्या वाणाला आणल्या होत्या, त्याला याच्या दुपटीहून जास्त लागले होते.

जीन्सची पिशवी अर्धी आहे. बत्ता वापरला. वरच्या शेजाऱ्यांनी खाली येऊन विचारलं की रोज दुपारी मसाला कुटता का.

शिंप्याचा_मुलगा | २६ जानेवारी, संध्याकाळी ७.००

पहिली कॉलर माझ्याकडूनही तशीच जोडली गेली होती. उसवण्याआधी घासलेल्या बाजूवर खडूने फुली मारून ठेवा.

आक्का_सूतिकागृह | २६ जानेवारी, रात्री ८.१५

आणि बाळाचं?

अबोली | ९ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

आक्का, धड नऊवारींपैकी एकीची बारा लंगोटं, सहा झबली आणि चार दुपटी झाली. शिवणी बाहेरून, नाड्या आखूड. दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवून नणंदेकडे पोचवली.

उरलेली धड साडी वर-खाली आणि विरलेली मध्ये, अशी गोधडी परवा हॉलमध्ये पसरली. सासूबाई खुर्चीवरून बघत होत्या. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक काम करू देत नाही आम्ही. मी तुकडे जोडायला घेतले तर म्हणाल्या, "पदर कुठल्या बाजूला घेतलास?" मी बघितलंच नव्हतं. पदर खाली, पायाकडे आला होता. त्यांनी तो उलटा करायला लावला. पदर नेहमी डोक्याकडे, म्हणाल्या, म्हणजे अंधारातही हाताला काठ लागतो आणि पायाची बाजू कधी तोंडावर येत नाही. मग खुर्चीवरून उतरून खाली बसल्या आणि सुई मागितली. दोरा मी ओवून दिला. त्यांची ओळ माझ्या ओळीपेक्षा सरळ आहे.

धावदोरा, आता रोज दुपारी दोन ओळी होतात, एक त्यांची, एक माझी. कोपऱ्यांना ती फुलं घालायची आहेत. त्रिकोणाची घडी दोनदा घालतात की तीनदा?

बेळगावी_कुंदा | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०

मी पाहिली तिच्यात चौकोनी तुकडा तिरका दुमडून परत एकदा दुमडलेला होता. उघडी कड आत, टोक बाहेर. आधी रद्दी कागदावर करून बघा.